विलंबित न्यूट्रॉन: अणुभट्टीचे दांडे हलवायला वेळ कुठून मिळतो?

कृष्णाकाठ

अणुभट्टीवरचा कुठलाही सोपा मराठी लेख घ्या. युरेनियमच्या कांड्या, न्यूट्रॉनांना मंद करणारं पाणी, त्यांना शोषून घेणारे कॅडमियमचे दांडे, सगळं त्यात असतं. दांडे खाली सोडले की साखळी प्रक्रिया मंदावते, वर उचलले की वाढते. यात चूक काही नाही. पण कॉलेजात हा विषय शिकवताना मला दरवर्षी जाणवतं की नेमका इथे एक प्रश्न विचारायचा राहून जातो. तो राहिला की अणुभट्टी म्हणजे दाबून धरलेला बॉम्ब, अशी समजूत मुलांच्या डोक्यात पक्की बसते. प्रश्न साधा आहे: दांडे हलवायला वेळ कुठून मिळतो?

हिशोब करून बघू. युरेनियम-२३५ चं केंद्रक फुटलं की सरासरी २.४ न्यूट्रॉन बाहेर पडतात. साध्या पाण्याच्या भट्टीत असा न्यूट्रॉन धडका खात मंद होतो आणि दुसऱ्या एखाद्या केंद्रकात शिरतो. जन्मापासून इथवर साधारण एक दशसहस्रांश सेकंद जातो, म्हणजे सेकंदाला दहा हजार पिढ्या. आता समजा, दांडा किंचित जास्त वर गेला आणि दर पिढीला हजाराचे एक हजार एक न्यूट्रॉन होऊ लागले. वाढ हजारात एक, इतकीच. पण ती दहा हजार वेळा चक्रवाढीने लागली की सेकंदाअखेर भट्टीची शक्ती सुमारे २२,००० पट झालेली असेल. दांड्याची मोटार सुरू होऊन तो हलायलाच यापेक्षा जास्त वेळ लागतो.

आणि तरीही खऱ्या भट्टीत एवढ्याच वाढीने शक्ती २.७ पट व्हायला जवळपास एक मिनिट लागतं. सेकंदात २२,००० पट कुठे आणि मिनिटात पावणेतीन पट कुठे!

ही तफावत घडवणारे न्यूट्रॉन हजारात फक्त सहा-सात आहेत. युरेनियम-२३५ च्या विखंडनातले ९९.३५ टक्के न्यूट्रॉन केंद्रक फुटताक्षणी सुटतात. त्यांना तत्काळ न्यूट्रॉन म्हणतात. उरलेले ०.६५ टक्के काही सेकंदांनी, कधी मिनिटभराने येतात. हे विलंबित न्यूट्रॉन. त्यांना सरासरी १३ सेकंद लागतात. हजार न्यूट्रॉनांचा एकत्र वेळ काढा: तत्काळ असलेल्या ९९३ जणांचा मिळून सेकंदाचा दहावा भाग, आणि उशिराने येणाऱ्या साडेसहांचा मिळून ८५ सेकंद. पिढीचा सरासरी कालावधी जवळजवळ पूर्णपणे या मूठभरांनी ठरतो. (ही ढोबळ सरासरी आहे. काटेकोर गणितात सहा गटांचं समीकरण सोडवावं लागतं. वरचा 'एक मिनिट' हा आकडा त्यातून येतो.)

ते उशिरा का येतात, हा भाग मला सगळ्यात सुंदर वाटतो. फुटलेल्या तुकड्यांपैकी एक असतो ब्रोमीन-८७. त्यात ३५ प्रोटॉन आणि ५२ न्यूट्रॉन. न्यूट्रॉन प्रमाणाबाहेर आहेत, म्हणून तो बीटा कण बाहेर टाकतो आणि क्रिप्टॉन-८७ होतो. अर्धायुष्य सुमारे ५५.६ सेकंद. आता क्रिप्टॉन-८७ मध्ये न्यूट्रॉन उरले ५१. केंद्रकात ५० न्यूट्रॉनांना एक कवच पूर्ण भरतं, त्यामुळे हा एक्कावन्नावा न्यूट्रॉन सैल बांधलेला असतो. त्याला सोडवायला साडेपाच एमईव्ही (केंद्रकातली ऊर्जा मोजायचं एकक) पुरतात आणि ब्रोमीनच्या ऱ्हासात ६.८ एमईव्हीपर्यंत ऊर्जा मिळू शकते. शंभरात साधारण अडीच वेळा क्रिप्टॉन इतक्या उत्तेजित अवस्थेत जन्माला येतो की तो न्यूट्रॉन तिथल्या तिथे फेकून देतो आणि ५० न्यूट्रॉनांचा स्थिर क्रिप्टॉन-८६ होतो. म्हणजे न्यूट्रॉन सुटायला उशीर लागत नाही. उशीर आहे तो त्याआधीच्या बीटा ऱ्हासाला, आणि तो ऱ्हास कुणाला घाईने उरकता येत नाही.

आयोडीन-१३७ ची गोष्ट अशीच आहे. अर्धायुष्य साडेचोवीस सेकंद, पुढे झेनॉन-१३७, त्यात ८३ न्यूट्रॉन, आणि भरलेलं कवच ८२ चं. असे जनक समस्थानिक दोनशेहून अधिक आहेत. अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेच्या कीपिन आणि सहकाऱ्यांनी १९५७ मध्ये त्यांची सहा गटांत मांडणी केली. सर्वांत सावकाश गटाचं अर्धायुष्य ५५ सेकंदांच्या आसपास, सर्वांत घाईच्या गटाचं सेकंदाच्या पाव भागाहून थोडं कमी. ही सहा गटांची मांडणी आजही वापरात आहे.

शोधाचा काळही लक्षात घेण्यासारखा आहे. विखंडनाची बातमी जगाला कळली जानेवारी १९३९ मध्ये. फेब्रुवारीत वॉशिंग्टनच्या कार्नेगी संस्थेत रॉबर्ट्स, मेयर आणि वांग यांना दिसलं की युरेनियमवरचा मारा थांबवल्यावरही काही सेकंद न्यूट्रॉन येतच राहतात. महिन्याभरात! त्याच वर्षी बोर आणि व्हीलर यांनी विखंडनाच्या सिद्धांताबरोबर याचाही उलगडा केला. त्यामुळे २ डिसेंबर १९४२ ला शिकागोच्या स्टॅग फील्डच्या प्रेक्षागाराखाली फर्मी पहिली साखळी प्रक्रिया सुरू करायला उभे राहिले, तेव्हा शक्ती किती सावकाश वाढेल हे त्यांना आधीच काढता येत होतं. त्या रचनेला थंड करणारी यंत्रणा नव्हती, किरणांपासून आडोसा नव्हता. दांडा हाताने ओढत होते. शक्ती दर दोनेक मिनिटांनी दुप्पट होत होती आणि अर्ध्या वॉटला त्यांनी ती थांबवली. शहराच्या मधोमध हे करण्याचं धैर्य त्या गणितातून आलं होतं.

आता ज्यासाठी धागा काढला ते. ही ०.६५ टक्क्यांची सवड अमर्याद नाही. भट्टी संथ चालू असते तेव्हा तत्काळ न्यूट्रॉन एकटे साखळी पुरी करू शकत नाहीत, ते ९९.३५ टक्क्यांवर अडतात आणि उरलेल्यासाठी साखळीला उशिराने येणाऱ्यांची वाट पाहावी लागते. जादा रिअ‍ॅक्टिव्हिटी (म्हणजे दर पिढीला होणारी वाढ) ०.६५ टक्क्यांच्या आत आहे तोवर ही वाट पाहणं चालू राहतं. ती त्यापलीकडे गेली की वाट पाहायची गरजच उरत नाही आणि पहिल्या हिशोबातले ते दहा हजार पिढ्यांचे सेकंद खरे होतात. या अवस्थेला प्रॉम्प्ट क्रिटिकल म्हणतात. या उंबरठ्यापर्यंतच्या अंतराला 'डॉलर' आणि त्याच्या शंभराव्या भागाला 'सेंट' म्हणण्याची पद्धत लुई स्लोटिन यांनी सुचवली. २१ मे १९४६ ला लॉस अलामॉसमध्ये प्लुटोनियमच्या गोळ्यावर प्रयोग करताना त्यांच्या हातातला स्क्रूड्रायव्हर निसटला, गोळा क्षणभर त्याच उंबरठ्यापलीकडे गेला आणि नऊ दिवसांनी ते वारले.

आणि हा उंबरठा इंधनागणिक बदलतो. युरेनियम-२३५ ला ०.६५ टक्के, प्लुटोनियम-२३९ ला ०.२१, थोरियमपासून होणाऱ्या युरेनियम-२३३ ला ०.२६. आपल्या देशाचा त्रिस्तरीय कार्यक्रम युरेनियमकडून प्लुटोनियमकडे आणि पुढे युरेनियम-२३३ कडे जाणारा आहे. त्यावर मराठीत बोलताना आपण थोरियमचे साठे मोजतो, वर्षं मोजतो, पण हा आकडा कुणी मांडत नाही. तो मांडला पाहिजे असं मला मनापासून वाटतं. जाणकारांनी भर घालावी.

---

रानवारा

अप्रतिम धागा. वाचनखूण साठवली. ८५ सेकंद विरुद्ध सेकंदाचा दहावा भाग हे वाचून दोनदा मागे जाऊन हिशोब केला.

---

दर्यावर्दी

जहाजाच्या इंजिनरूममध्ये नियंत्रण यंत्रणांवर आयुष्य गेलं, त्यामुळे हे लगेच भिडलं. कुठलीही अस्थिर वस्तू ताब्यात ठेवता येते का, हे ती किती वेगाने हाताबाहेर जाते आणि आपण किती वेगाने हलू शकतो यांच्या तुलनेवर ठरतं. तळहातावर पाच फुटी काठी उभी तोलून बघा, जमते. पेन्सिल नाही जमत. पडायचं दोघींनाही आहे, पण काठी सावकाश पडते आणि हाताला तेवढी सवड पुरते. तुमचे साडेसहा न्यूट्रॉन म्हणजे काठीची लांबी.

एक शंका. वर जाताना ही सवड मिळते हे ठीक. पण भट्टी तातडीने बंद करायची असेल तेव्हा हेच न्यूट्रॉन आडवे येत नाहीत का?

---

कृष्णाकाठ

@दर्यावर्दी, येतात, आणि ते आलेखात स्वच्छ दिसतं. सगळे दांडे एकदम खाली पडले की तत्काळ न्यूट्रॉनांची साखळी लगेच तुटते आणि विखंडनाची शक्ती क्षणात दहा टक्क्यांच्या आसपास किंवा त्याखाली येते (दांडे किती जोरकस आहेत त्यावर). पण आधीच तयार झालेले ब्रोमीन, आयोडीन त्यांच्या वेळेनेच ऱ्हास पावणार. त्यामुळे पुढची घसरण सावकाश होते. शेवटी फक्त ५५ सेकंदवाला गट उरतो आणि शक्ती साधारण दर तीन मिनिटांना आधीच्या एक दशांशावर येत उतरते. तुम्ही आणखी शंभर दांडे घातले तरी ही गती वाढत नाही. भट्टी कोणत्या कंपनीची, किती मोठी, यानेही फरक पडत नाही; ब्रोमीन-८७ सगळीकडे तेच आहे.

---

प्रथमेश_टीवाय

मॅडम, म्हणजे फुकुशिमात भट्ट्या बंद केल्यावरही उष्णता निघत राहिली, ती या विलंबित न्यूट्रॉनांमुळेच ना? आमच्याकडे एका क्लासच्या नोट्समध्ये तसं लिहिलंय.

---

बोईसरकर

प्रथमेश, नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि बऱ्याच जणांची गल्लत होते, म्हणून सविस्तर लिहितो.

विलंबित न्यूट्रॉनांमुळे बंद केल्यानंतर काही मिनिटं थोडं *विखंडन* चालू राहतं. दहा-पंधरा मिनिटांनी ते उष्णतेच्या हिशोबात नगण्य होतं. फुकुशिमात ११ मार्च २०११ ला भूकंप होताच चालू असलेल्या तिन्ही भट्ट्यांचे दांडे आत गेले, साखळी थांबली. त्सुनामी आली ती जवळपास पाऊण तासाने. तोवर विलंबित न्यूट्रॉनांचा हिशोब कधीच संपला होता. जी उष्णता उरली ती विखंडनातून झालेल्या शेकडो किरणोत्सारी तुकड्यांच्या बीटा-गॅमा ऱ्हासाची. बंद करताक्षणी ती पूर्ण शक्तीच्या सहा-सात टक्के असते, तासाभरात दीडेक टक्क्यावर येते, आणि मग आठवडेच्या आठवडे रेंगाळते. ती वाहून नेणारे पंप वीज गेल्याने थांबले, आणि तिथेच घात झाला.

दोन्हीचं मूळ एकच, न्यूट्रॉनांनी जड झालेले तुकडे. पण एक साखळीचा प्रश्न आहे, दुसरा उष्णतेचा. क्लासच्या सरांना नम्रपणे सांग.

---

प्रथमेश_टीवाय

समजलं काका. धन्यवाद. तुम्ही प्लँटमध्ये होतात का?

---

बोईसरकर

हो, जड पाण्याच्या भट्ट्यांच्या कंट्रोल रूममध्ये बरीच वर्षं काढली, आता निवृत्त. ताईंनी साध्या पाण्याच्या भट्टीचा हिशोब मांडला आहे. आपल्या देशातल्या बहुतेक भट्ट्या जड पाण्याच्या आहेत. तारापूरला १९६९ चे दोन संच साध्या, उकळत्या पाण्याचे, आणि ३ व ४ क्रमांकाचे ५४० मेगावॉटचे संच जड पाण्याचे. तिथे चित्र थोडं निराळं असतं आणि ते फारसं कुठे लिहिलेलं नसतं, म्हणून भर घालतो.

पहिलं, जड पाणी न्यूट्रॉनांना फार कमी गिळतं, त्यामुळे न्यूट्रॉन जास्त भटकतो. तत्काळ न्यूट्रॉनाचं आयुष्य इथे सहस्रांश सेकंदाच्या आसपास, म्हणजे साध्या पाण्याच्या भट्टीच्या दसपट किंवा त्याहून अधिक. उंबरठ्याजवळ गेल्यावर हा फरक मोलाचा ठरतो.

दुसरं, जड पाण्याला स्वतःचे विलंबित न्यूट्रॉन असतात! २.२ एमईव्हीहून जास्त ऊर्जेचा गॅमा किरण ड्यूटेरियमच्या केंद्रकावर आदळला की ते फुटतं आणि न्यूट्रॉन सुटतो. हे फोटोन्यूट्रॉन. विखंडनाच्या तुकड्यांपैकी काही तास-दिवस असे गॅमा देत राहतात, म्हणून भट्टी बंद होऊन बरेच दिवस झाले तरी आतले न्यूट्रॉन पूर्ण संपत नाहीत. संख्येने ते थोडे, पण आमच्या दृष्टीने फार उपयोगी. भट्टी पुन्हा सुरू करताना मीटरवर काहीतरी मोजता येण्याजोगं दिसतं. काहीच न दिसणाऱ्या भट्टीत दांडे उचलणं हे कुठल्याही ऑपरेटरला नको असतं.

तिसरं, आम्ही टक्के किंवा डॉलर वापरत नाही, 'एमके' म्हणतो, म्हणजे सहस्रांश. ताज्या नैसर्गिक युरेनियमला विलंबित वाटा साडेसहा एमकेच्या पुढेमागे. इंधन जळू लागलं की प्लुटोनियम तयार होतं, त्याचंही विखंडन होऊ लागतं आणि चालत्या भट्टीत हा वाटा पाच ते सहा एमकेवर येतो. शिफ्टला बसलेल्या माणसाचं सगळं काम या पाच-सहाच्या खूप आत, एमकेच्या अंशांत चालतं. ५४० मेगावॉटच्या संचात गाभ्यातल्या चौदा कप्प्यांमधलं साधं पाणी कमी-जास्त करून हे नियंत्रण होतं, आणि कुठलाही कप्पा इतका प्रभावी ठेवलेलाच नसतो की त्याच्या चुकीने उंबरठा गाठला जावा.

आणि एक बाजू झाकून ठेवण्यासारखी नाही. जड पाण्याच्या या भट्ट्यांमध्ये शीतक (उष्णता वाहून नेणारं पाणी) उकळून वाफ झाली तर रिअ‍ॅक्टिव्हिटी थोडी *वाढते*. मोठी नळी फुटली तर वाढ वेगाने होऊ शकते. म्हणूनच एकमेकींपासून पूर्ण स्वतंत्र अशा दोन शटडाउन यंत्रणा आहेत. एकीत कॅडमियमचे दांडे पडतात, दुसरीत गॅडोलिनियमचं द्रावण दाबाने मंदायकात (न्यूट्रॉन मंद करणाऱ्या जड पाण्यात) सोडलं जातं. दोन्ही सेकंद-दोन सेकंदांत काम करतात. तेवढं पुरतं, कारण विलंबित न्यूट्रॉन आणि तत्काळ न्यूट्रॉनांचं लांब आयुष्य मिळून तेवढी सवड देतात. सवड किती हे आधी मोजायचं आणि मग यंत्रणेचा वेग ठरवायचा, या क्रमाने हे डिझाइन झालेलं आहे.

---

अनुराधा_पुणे

धागा माहितीपूर्ण आहे, पण मला सूर जरा जास्त आश्वासक वाटतो. निसर्गाने सवड दिली आहे म्हणून सगळं ठीक, असा अर्थ वाचणारा काढेल. चेर्नोबिललाही हेच विलंबित न्यूट्रॉन होते ना? मग ते कुठे गेले? कोकणात अणुऊर्जेवरून इतकी वर्षं वाद चालू असताना अर्धंच चित्र मांडलं जाऊ नये.

---

कृष्णाकाठ

@अनुराधा_पुणे, तुमचा मुद्दा योग्य आहे आणि त्याला नीट उत्तर द्यायला हवं.

विलंबित न्यूट्रॉन सुरक्षितता देत नाहीत, वेळ देतात. त्या वेळात भट्टीची स्वतःची प्रवृत्ती कुठे ओढते हे डिझाइनवर असतं, आणि उंबरठ्यापर्यंत जायचंच नाही ही काळजी तर सर्वस्वी माणसांवर.

आधी चेर्नोबिलच्या पंचवीस वर्षं आधीचं उदाहरण घेते, कारण ते अधिक स्पष्ट आहे. ३ जानेवारी १९६१, अमेरिकेतलं आयडाहो, एसएल-१ नावाची लष्कराची छोटी भट्टी, क्षमता फक्त ३ मेगावॉट. देखभालीनंतर मधला दांडा हाताने काही इंच उचलून यंत्रणेला जोडायचा होता. तो वीस इंचांच्या आसपास उचलला गेला. तो एकच दांडा इतका प्रभावी होता की भट्टी उंबरठा ओलांडून गेली, आणि अवघ्या ४ मिलिसेकंदांत शक्ती २०,००० मेगावॉटच्या घरात पोचली. पाण्याची वाफ होऊन भट्टीचं सगळं पात्र सुमारे नऊ फूट वर उसळलं. तिथले तिघेही गेले. विलंबित न्यूट्रॉन तिथेही होते, पण चार मिलिसेकंदांत ब्रोमीन-८७ ला करण्यासारखं काही नसतं. या अपघातानंतर एकच दांडा पूर्ण बाहेर आला तरी भट्टी क्रिटिकल होऊ नये (साखळी स्वतःच्या बळावर चालू राहू नये), हा नियम रूढ झाला.

चेर्नोबिलमध्ये, २६ एप्रिल १९८६, कारणं एकात एक अडकलेली होती. इंधन बरंच जळलेलं, प्लुटोनियम साचलेलं, त्यामुळे विलंबित वाटा अर्ध्या टक्क्याच्या जवळ उतरलेला. त्या रचनेत वाफ वाढली की रिअ‍ॅक्टिव्हिटी वाढते, आणि तीही जड पाण्याच्या भट्टीपेक्षा कितीतरी जास्त, त्या वाट्याच्या अनेक पट. दांडे जवळजवळ सगळे बाहेर. १ वाजून २३ मिनिटं ४० सेकंदांनी आणीबाणीचं बटण दाबलं, तेव्हा दांडे पूर्ण आत जायला १८ सेकंद लागणार होते, आणि त्यांच्या टोकाशी असलेल्या ग्रॅफाइटमुळे पहिल्या काही क्षणांत गाभ्याच्या खालच्या भागात रिअ‍ॅक्टिव्हिटी उलट वाढली. पुढच्या काही सेकंदांत सगळं संपलं. बोईसरकर काकांनी सांगितलेला क्रम तिथे उलटा होता: सवड किती मिळेल हे न पाहता यंत्रणेचा वेग ठरलेला.

म्हणून कोकणात असो वा कुठेही, भट्टीच्या विरोधात किंवा बाजूने बोलणाऱ्याने तीन आकडे मागावेत असं मला वाटतं. विलंबित वाटा किती, शीतक नाहीसा झाला तर रिअ‍ॅक्टिव्हिटी कुठल्या दिशेने आणि किती सरकते, आणि शटडाउनला किती वेळ लागतो. हे तिन्ही आकडे एकत्र असल्याशिवाय चर्चा हवेत राहते.

---

अनुराधा_पुणे

हे पटलं. तीन आकड्यांची यादी जपून ठेवते. माझा एकंदर विरोध कायम आहे, पण प्रश्न विचारायला आता नेमकी जागा मिळाली.

---

रानवारा

उंबरठा ओलांडला की स्फोट ठरलेलाच असतो का? कुठेतरी वाचलं होतं की काही संशोधन भट्ट्या मुद्दाम तसं करतात.

---

कृष्णाकाठ

@रानवारा, बरोबर वाचलंय. ट्रायगा नावाच्या भट्ट्या. १९५६ च्या उन्हाळ्यात एडवर्ड टेलर, फ्रीमन डायसन वगैरे मंडळींनी त्यांची कल्पना मांडली, १९५८ मध्ये पहिली सुरू झाली. त्यांच्या इंधनातच युरेनियमबरोबर झिर्कोनियम हायड्राइड मिसळलेलं असतं, म्हणजे मंदायक इंधनाच्या आतच. इंधन तापलं की त्याच क्षणी मंदायकाचं काम बिघडतं आणि साखळी आपोआप पडते. त्यामुळे दांडा झटक्यात उडवून प्रॉम्प्ट क्रिटिकल करतात, शक्ती काही मिलिसेकंद शेकडो-हजारो मेगावॉटवर जाऊन स्वतःच खाली येते. इतर भट्ट्यांतही इंधन तापलं की युरेनियम-२३८ जास्त न्यूट्रॉन गिळायला लागतं. डॉप्लर परिणाम म्हणतात त्याला, आणि तोही तत्क्षणी होतो. पण त्याच्या भरवशावर उंबरठा ओलांडण्याची परवानगी वीज बनवणाऱ्या भट्टीला कुठेही नसते.

---

चिंतन

मूळ धाग्याच्या शेवटच्या परिच्छेदाकडे येतो. प्लुटोनियमला ०.२१ आणि युरेनियम-२३३ ला ०.२६ हा आकडा वाचून धक्का बसला. कल्पक्कमच्या फास्ट ब्रीडरमध्ये (चालता चालता नवं इंधनही तयार करणाऱ्या भट्टीत) तर न्यूट्रॉन मंदही करत नाहीत. म्हणजे पिढीचा काळ आणखी छोटा, उंबरठा आणखी जवळ. मग ते चालतं कसं? आणि प्लुटोनियमला कमी का?

---

कृष्णाकाठ

@चिंतन, 'कमी का' आधी. फुटणाऱ्या केंद्रकात प्रोटॉनांच्या मानाने न्यूट्रॉन जितके जास्त, तितके तुकडेही न्यूट्रॉनांनी जड, आणि विलंबित न्यूट्रॉन देणारे जनक जास्त. युरेनियम-२३८ ला वेगवान न्यूट्रॉनांनी फोडलं तर हा वाटा दीड टक्क्याच्या वर जातो. प्लुटोनियमला दोन प्रोटॉन जास्त, युरेनियम-२३३ ला न्यूट्रॉन कमी, म्हणून दोन्हीकडे वाटा घसरतो. शिवाय प्लुटोनियम दर विखंडनाला २.९ च्या आसपास न्यूट्रॉन देतं, म्हणजे भागाकारातला छेदही मोठा.

फास्ट ब्रीडरमध्ये इंधन प्लुटोनियम आणि युरेनियमचं मिश्रण असतं. युरेनियम-२३८ चं थोडं विखंडन होत असल्याने एकूण वाटा ०.३५ टक्क्यांच्या आसपास सावरतो. तत्काळ न्यूट्रॉनाचं आयुष्य मात्र एका मायक्रोसेकंदाहूनही कमी. ऐकायला भयंकर वाटतं, पण गंमत ही की उंबरठ्याच्या बऱ्याच आत असताना वेग जवळजवळ फक्त विलंबित न्यूट्रॉन ठरवतात. तत्काळ आयुष्य छोटं की मोठं याने तिथे फारसं बिघडत नाही. कल्पक्कमची छोटी फास्ट ब्रीडर टेस्ट रिअ‍ॅक्टर १९८५ पासून आहे, तिचं इंधन तर प्रामुख्याने प्लुटोनियम कार्बाइड. ती साध्या, सावकाश दांड्यांनीच चालवली जाते. फरक पडतो तो चुकीला मिळणाऱ्या जागेत: तीच चूक युरेनियमच्या भट्टीत पंधरा सेंट असेल तर इथे तीस सेंटच्या पुढेमागे. म्हणून दांडे अधिक हलक्या प्रभावाचे, हालचाल अधिक मर्यादित, आणि तापल्यावर फैलावणाऱ्या गाभ्याचा परिणाम अधिक बारकाईने मोजलेला.

---

बोईसरकर

फास्ट ब्रीडरचा विषय निघालाच आहे तर विलंबित न्यूट्रॉनांचं दुसरं काम सांगतो, ते मला व्यक्तिशः फार आवडतं.

इंधनाच्या नळीला बारीक भेग पडली तर कळणार कसं? भेगेतून ब्रोमीन आणि आयोडीन शीतकात उतरतात आणि शीतकाबरोबर गाभ्याच्या बाहेर येतात. बाहेर जिथे विखंडनच नाही तिथे न्यूट्रॉन मोजणारा डिटेक्टर ठेवा. तिथे न्यूट्रॉन दिसला की आत कुठेतरी नळी फुटली आहे. सोडियमच्या भट्ट्यांत हे करतात, आणि जड पाण्याच्या भट्ट्यांतही. तिथे प्रत्येक चॅनलमधून बारीक नळीने शीतकाचा नमुना मोजणीच्या खोलीत आणतात. पाण्यातल्या ऑक्सिजनपासून नायट्रोजन-१७ होतो आणि तोही न्यूट्रॉन देतो, पण त्याचं अर्धायुष्य चार सेकंदांच्या थोडं वर. म्हणून नमुना यायला मुद्दाम तेवढा वेळ लागू देतात की नायट्रोजन विझून जावा आणि ब्रोमीन-आयोडीन बोलत राहावेत. शेकडो चॅनलमधून नेमका बिघडलेला चॅनल सापडला की भट्टी चालू ठेवूनच त्यातलं इंधन बदलता येतं.

---

दर्यावर्दी

वा! ५५ सेकंदांचा असाही उपयोग.

---

चिंतन

आणि थोरियमचं काय? युरेनियम-२३३ वर चालणारी एखादी भट्टी प्रत्यक्षात आहे का? वितळलेल्या क्षाराच्या भट्ट्यांबद्दल हल्ली खूप बोललं जातं. त्यात तर इंधनच वाहतं. मग हे जनक समस्थानिक वाहून बाहेर जात नाहीत का?

---

कृष्णाकाठ

@चिंतन, आहे, आणि आपल्याकडेच आहे. कल्पक्कमची कामिनी, ३० किलोवॉटची, १९९६ मध्ये क्रिटिकल झाली. इंधन युरेनियम-२३३. छोटी आहे, पण ०.२६ टक्क्यांच्या इंधनावर भट्टी शांतपणे चालवता येते हे तिने दाखवलं आहे. शिवाय छोट्या मंद-न्यूट्रॉन भट्ट्यांत एक गोष्ट बाजूने काम करते: विलंबित न्यूट्रॉन जन्मतःच कमी ऊर्जेचे असतात, म्हणून ते मंद होताना गाभ्याबाहेर निसटण्याचं प्रमाण कमी. त्यांचं वजन त्यांच्या संख्येपेक्षा थोडं जास्त भरतं.

वितळलेल्या क्षाराबाबत तुम्ही अगदी वर्मावर बोट ठेवलंत. अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेत १९६५ ते १९६९ अशी भट्टी चालली, आधी युरेनियम-२३५ वर आणि १९६८ पासून युरेनियम-२३३ वर. इंधन गाभ्यातून बाहेर पडून उष्णता देऊन पुन्हा आत यायचं. या फेरीत ब्रोमीन-आयोडीनचा काही भाग बाहेरच्या नळ्यांत ऱ्हास पावायचा आणि ते न्यूट्रॉन वाया जायचे. युरेनियम-२३५ वर असताना पंप चालू केला की विलंबित वाट्यातला जवळपास एक तृतीयांश नाहीसा व्हायचा, हे त्यांनी प्रत्यक्ष मोजलं. युरेनियम-२३३ वर मुळातच थोडा असलेला वाटा आणखी घटायचा. त्यामुळे अशा भट्टीत पंपाचा वेग हाही नियंत्रणाचा भाग होतो. पंप सुरू केला की हरवलेल्या न्यूट्रॉनांच्या भरपाईसाठी दांडा थोडा वर घ्यावा लागतो, आणि पंप थांबला की तो तितकाच खाली आणावा लागतो.